शोकेसमध्ये जाणारा शंख

भिया (आम्ही इंदूरवाले भावाला भियाच म्हणतो), हे तरी खरं माना, घरचे तर माझं काही मानतच नाहीत.

मालवणच्या खाडीत नात चिऊ आणि मी कयाक वल्हवत होतो. इंदूरच्या घरातल्या शोकेससाठी वेचलेला मोठा शंख तिनं माझ्या पायाशी ठेवलेला. सकाळपासून मी तिला चारदा ‘मगर आली’ म्हणून फसवलं होतं.

एकदम शंख सरकायला लागला.

“चिऊ, शंख चालतोय!”

“बस करा ना आजोबा!”

तेवढ्यात शंखातल्या खेकड्यानं माझा अंगठाच पकडला. माझी बोंब ऐकून किनाऱ्यावरची आमची ही पाण्यात धावली.

चिऊनं तिला सगळं सांगितलं, आणि हिरमुसून शंख पाण्यात सोडला. “जा भिया, आपल्या घरी जा.”

ही मला म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा खरं बोललात, तरी साक्षीला खेकडा लागलाच!”