गेइशांच्या गल्लीतला फोटो

शारजातल्या क्लिनिकमध्ये माझा नंबर यायचा होता. समोर, टोकनच्या बोर्डाखाली दोघी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजय नुकतीच जपान फिरून आली होती.

"पैसे भरून टूर घेतली आम्ही, तहसीन, आणि ती गाइड मलाच ओरडते!"

"कसली टूर, भाभी?"

"पायी फिरवतात गं, गेइशांच्या मोहल्ल्यात. तेवढ्यात एका दारातून गेइशाच बाहेर आली. पांढराशुभ्र चेहरा, रेशमी किमोनो! मी धावले, मोबाइल वर केला."

"तिला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? नटूनथटून रस्त्यावर आली ना? तर गाइड म्हणते, मॅडम, ती कामाला निघालीय, जाऊ द्या तिला. सगळ्या ग्रुपसमोर! आणि आमचा रेहान काय म्हणतो? मम्मी, प्लीज स्टॉप!"

"आणि ती गेइशा?"

"तिनं तोंडापुढे पंखा धरला! एवढा माज? फोटो काढल्यानं कोणी झिजतं का?" तेवढ्यात माझ्या शेजारच्या माणसानं त्यांच्या दिशेनं मोबाइल वर केला. "ओ भाईसाब! हां, आप! मोबाइल नीचे करो!"

"मॅडम, मैं तो टोकन का बोर्ड…"

"बोर्ड के नीचे मैं बैठी हूँ ना? मुझसे पूछा? डिलीट करो, मेरे सामने! पुलिस बुलाऊँ?"

"सॉरी, मॅडम. खलास, डिलीट किया."

"बघितलंस, तहसीन? बाईमाणसाला विचारायची रीतच राहिली नाही. लाज कशी वाटत नाही लोकांना!"

"हो ना, भाभी."

"हं, तर हा बघ तिचा फोटो. पंखा मध्ये आलाय, पण झूम केलं की चेहरा दिसतो. रत्नागिरीच्या ग्रुपवर टाकलाय, सगळ्यांनी बघितला."