ताईबाईंचा चौथा प्रयत्न

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या साहेब सुनंदाबाई चौधरी, असोद्याच्या पॅकहाउसचं काम बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे कुंदनभाऊ, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते आपले अभिमन नाना सपकाळे, नानांच्या घरची मंडळी आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

आधी आजची बातमी सांगतो. असोद्याच्या केळी पॅकहाउसमधल्या ताईबाई आज सकाळी आपल्या ऑनलाइन कोर्समध्ये उत्तीर्ण झाल्या. कुंदनभाऊंनी साडेदहाला फोनवर तसं कळवलं आणि माझा विश्वास बसावा म्हणून प्रमाणपत्राचा फोटोही पाठवला. नानांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. नाना, आता हसलात तरी चालेल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. नाना आमच्याकडे नऊ वर्षं ई-लर्निंगचे कोर्स बांधत होते. मजकूर मी लिहायचा आणि नानांनी तो सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा. चित्रं, आवाज, प्रश्न, बटणं सगळं त्यांचं. दिवाळीनंतर आम्ही केळी हाताळणीचा कोर्स तयार केला. पॅकहाउसचा नियम असा, की तो पास होणाऱ्या बाईलाच निर्यातीच्या हंगामात लाइनप्रमुख करायचं. ताईबाई तिथं अकरा वर्षं काम करतात. त्या पास होतील याबद्दल कुणाला शंका होती का? पण त्या एकाच प्रश्नावर तीनदा अडकल्या. तीन चुकांनंतर कोर्स बंद पडतो. ती सोयही आमचीच!

प्रश्न होता, फण्या कापल्यावर पुढे काय? चित्रं बोटानं ओढून क्रमानं लावायची. आमचं उत्तर होतं, थेट पाण्याच्या टाकीत. ते मी एका माहितीपुस्तिकेतून उचललं होतं, कारण गुरुवारी काम द्यायचं होतं.

कुंदनभाऊ तर नियम बाजूला ठेवून ताईबाईंना नेमायला तयार होते. ताईबाईच नको म्हणाल्या. "साऱ्या जनी म्हनतीन, वशिल्यानं मियालं."

मी नानांना म्हणालो, "कोर्स उघडून त्यांना आणखी एक संधी देऊ या." नाना म्हणाले, "अकरा वर्षं केळी हाताळणारी बाई तीनदा तेच उत्तर देते. नापास कोण, ती की आपण?" दुसऱ्या दिवशी ते मला मोटरसायकलवर मागे बसवून असोद्याला घेऊन गेले.

ताईबाईंनी हात न थांबवता स्वागत केलं. "या नाना. तुमच्या मोबाइलनं कधी केये धुतले का?" सगळ्या बाया हसल्या. मग त्यांनी दाखवलं. फणी कापली, की देठाची बाजू खाली करून थोडा वेळ मांडणीवर ठेवायची. चीक गळून जातो. पाणी त्यानंतर. "चिकासंगं टाकली त पानी खराब, अन् केयावर काये डाग. मंग परदेशातला मानूस घेईन का?"

नानांनी त्यांच्या हातात फोन दिला. हात ओले, बोटांना चीक, चित्र सरकेचना. सरकलं ते भलत्याच जागी जाऊन पडलं. आमच्या कार्यालयात, पंख्याखाली, माउसनं ते किती झकास सरकत होतं!

तरुण सहकाऱ्यांनो, नानांकडून शिकायचं असेल तर त्यानंतरच्या आठवड्याकडे पाहा. त्यांनी आधी सॉफ्टवेअर उघडलंच नाही. सगळा कोर्स कागदावर काढला आणि पॅकहाउसमधल्या दोघींना दाखवला. माझं चुकीचं उत्तर दुरुस्त झालं, ओढाओढी गेली, अंगठ्याला सापडतील अशी मोठी बटणं आली. माझे बारा ओळींचे परिच्छेद तीन ओळींवर आले. मी रुसलो, त्यांनी चहा पाजला. नुसतं 'चूक' म्हणून थांबायचं नाही, का चुकलं ते तिथंच सांगायचं आणि पुन्हा करू द्यायचं, हे त्यांनी ठरवलं. पुस्तिकेतल्या चित्रांऐवजी ताईबाईंच्या हातांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घातला, तोही कमी रेंजमध्ये चालेल इतका हलका. आणि तपासणी? कार्यालयातल्या सर्वांत जुन्या, तडा गेलेल्या फोनवर. "साहेबांनी पसंत केलेला कोर्स साहेबच पास होतात," असं नाना म्हणाले. सुनंदाबाई, हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही.

नाना, कार्यालयाच्या वतीनं तुमचे मनापासून आभार. कुंदनभाऊ, तुम्ही आम्हाला कामाच्या गर्दीत उभं राहू दिलंत, तुमचेही. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.

सोमवारी सकाळी आठ वाजता ताईबाई लाइनप्रमुख म्हणून कामाला उभ्या राहतील. त्याच दिवशी वरणगावजवळच्या एका पॅकहाउसमध्ये सव्वीस जणी हाच कोर्स सुरू करतील. तिथून पहिली तक्रार बहुधा दुपारपर्यंत येईल. नाना तेव्हा घरी असतील. मलाच जावं लागेल, आणि मी जाईन.