आवडीची भरती

आता कुनी नाय हो घरात, कितीदा सांगू, हवालदार? वरच्या शेतात नांगर धरलेला दिसला ना तुमाला, तो पोरगा नाय. ती माजी लेक, आवडी. डोक्याला फडकं, लुगड्याचा कासोटा — लांबून फसलात. बसा, बसा. भरतीला पोरं शोधत पोलादपुरावरनं एवढा चढ चढलात, दम तरी घ्या. काय म्हनता, चाल शिपायाची हाय? हायच. शिकवलीय तिला.

कुनी म्हंजे — आमच्या येसाजीकाकांनी. माजे चुलतसासरे. जर्मनाच्या लढाईतनं लंगडत आले. पोरांचे बाबा त्याच लढाईत बसऱ्याकडं गेले, ते आलेच नायत. आवडी तवा नुकती चालायला लागलेली नि मुरारी पोटात. काका सव गावच्या ऊन पान्याच्या झऱ्यावर जाऊन पाय शेकायचे, नि घरी आले की अंगनात पोरांची परेड. बंदूक म्हनून खांद्यावर मुसळ! गावची पोरं कंटाळली, पळाली. आवडी नाय. गोळी सुटली की डोकं वर काढायचं नाय, दगडाला चिकटून सरकायचं — हे शिकताना कोपरं सोलून घ्यायची ती. काका आधी हसायचे, मंग हसायचे थांबले. म्हनाले, ‘चंद्रभागे, ही पोरगा असती तर सुभेदार झाली असती.’ तिनं ते ऐकलं. मला म्हनते, ‘असती म्हंजे काय गो आये? मी हायच की.’

नि मुरारी? तो बैलांच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसायचा. कोंबडी कापायची झाली तर रानात पळायचा. गुनाचा माजा.

मंग महाडला भरती आली. ही पहाटेच उठली, बापाची बंडी घातली, केस फेट्यात कोंबले. मी दारात आडवी — असं गावाला सांगते मी. आडवी कसली! फेटा सुटत होता, तो मीच आवळून दिला. सोबतीला मुरारीला धाडला. तिथं नाव सांगितलं सहदेव. धावली — पयली आली. ओझं उचललं. नजर तपासली. सगळ्यात पास, हवालदार, सगळ्यात! मंग डाक्तर म्हनाला, बंडी काढ, छाती मोजायचीय.

उभीच राहिली. मुरारी सांगायचा, सगळं मैदान तिच्याकडं बघत होतं. मंग तिनं फेटा सोडला नि म्हनाली, ‘मी बाई हाय. पन धावले ती मीच ना?’

हसले हो. सगळे हसले. तुमचा सुभेदार तेवढा हसला नाय. म्हनाला, ‘पोरी, बायांना घेत नाय सरकार.’ नि मागं बघून — ‘हा कोन?’ भाऊ. ‘याला मोजा.’ पोरगं दोन पावलं मागं सरलं, तर कुनीतरी ओरडलं — भैन मर्द नि भाऊ बायको! पुन्हा हशा. माज्या मुरारीनं त्या हशापायी अंगठा दिला. आवडी त्याच्यापुढं उभी राहून ओरडत होती, ‘त्याला नको, त्याला जमायचं नाय,’ पन तिचं तिथं ऐकतो कोन?

गेला. सरहद्दीवर, पठाणांच्या मुलखात. त्याच्याबरोबरचा पांडू सुट्टीवर आला, त्यानं सांगितलं. पयलीच गोळाबारी. सगळे दगडामागं. याच्या शेजारचं खेचर जखमी झालं, वरडाय लागलं, तर हा त्याला धरायला उठून उभा राहिला. खेचराला, हवालदार! आवडीनं येवडंच विचारलं, ‘उभा का राहिला?’ मंग ती अंगनात गेली नि पालथी पडली. मी म्हनलं, रडतेय. रडत नव्हती. कोपरांवर सरकत होती, भावाला दाखवावं तशी — असं, मुरारी, असं.

मला ते बघवलं नाय. अजून दिसतं.

लगीन? कोन करनार? मैदानात फेटा सोडलेली पोरगी. येक बिजवर आला होता, तोंड बघून गेला. आता शेत तीच करते. बोलत नाय फार.

खरं सांगू? त्या दिवशी दोघांतला येक न्यायचाच होता तर तिला न्यायची होती. आईनं असं बोलू नये. पन ती वाचली असती हो, तिला खाली पडायला येत होतं. नि नसती वाचली — तर तिच्या मनासारखी तरी गेली असती. काय बोलतेय मी! नका ऐकू.

ती बघा, नांगर सोडला. तुमची टोपी दिसली वाटतं. आता खाली येईल नि विचारील, ‘बायांना घेतात का आता?’ मागच्या हवालदारालापन विचारलं. तो नाय म्हनाला, मान खाली घालून परत शेतात गेली. तुमीपन नायच म्हनाल. पन येकादा येईल नि हो म्हनेल, मंग? मंग ती येक क्षण थांबायची नाय. नि मला तर आता येवडी येकच हाय —

उठा, हवालदार. त्या मागल्या वाटेनं उतरा. उठा म्हनते ना!