हाम साहेबांचे आठ तास

हाम : ...आणि हे काय? ‘चार जून. साहेबांची गाडी धुऊन आणली.’ वकील संघाला द्यायच्या वहीत तू हे लिहितेस?

उन-सोल : धुऊन आणली होती, साहेब. आतूनसुद्धा.

हाम : अगं, प्रशिक्षणाची वही आहे ही! नवीन वकील सहा महिन्यांत काय शिकला ते लिहायचं असतं इथे. संघातली माणसं वाचतात.

उन-सोल : म्हणून तर लिहिलं. शिकवलंच नाही, तर शिकलेलं आणू कुठून?

हाम : जीभ फार चालते तुझी. मेंग बाई! अहो मेंग बाई, इकडे या जरा. तुम्ही वाचलीत ही वही?

मेंग : वाचली ना. या ऑफिसातून मी न वाचलेला कागद बाहेर जात नाही. वीस वर्षं झाली.

हाम : आणि तिला काहीच बोलला नाहीत?

मेंग : बोलले की. एका पानावर तारीख चुकली होती, ती दुरुस्त करायला लावली.

हाम : वा! म्हणजे दोघींचं आधीच ठरलंय. ऐका आता. ‘अकरा जुलै. साहेबांच्या मुलीचं सामान बुसानला पोचवलं.’ ‘बावीस जुलै. कोर्टात साहेबांसाठी बाकावर जागा धरली. पुकारा झाला, साहेब आले आणि मला कॉफी आणायला पाठवलं. युक्तिवाद ऐकायला मिळाला नाही.’ काय म्हणतील लोक? हाम ग्योंग-उ वकील ठेवतो की मोलकरीण?

उन-सोल : ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी फक्त काय झालं ते लिहिलं.

हाम : हेच! हेच तुम्हा लॉ स्कूलवाल्यांचं. आमच्या वेळी हजारो बसायचे आणि मूठभर पास व्हायचे. मग सरकार दोन वर्षं घासून घ्यायचं आम्हाला. आता दर वर्षी पोत्याने वकील ओततात आणि एकाला धड वकालतनामा भरता येत नाही.

उन-सोल : बरोबर आहे. तुम्हाला सरकारने दोन वर्षं पगार देऊन शिकवलं. आम्हाला शिकवायचं काम तुमच्यासारख्यांच्या गळ्यात टाकलं. तुम्ही ते मनावर घेतलं नाही आणि वर आम्हालाच नावं ठेवता! सहा महिन्यांत एक कैफियत दाखवली नाहीत मला. एक! मी तुमच्या रद्दीतून जुन्या फाइली काढून वाचल्या, जेवणाच्या सुट्टीत.

मेंग : वाचल्या तिने. मी बघत होते. वाचून पुन्हा नीट बांधून ठेवायची.

हाम : बरं, बरं. हे बघ, उन-सोल, आवाज खाली करून बोलू आपण. उद्या तुझे सहा महिने पुरे होतात. माझा शिक्का पडला नाही, तर सगळे पाण्यात. दुसरा वकील शोध, पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. तोवर कागदावर सही नाही, कोर्टात उभं राहणं नाही. कळतंय ना?

उन-सोल : कळतंय. तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झालेय मी. आईने तिच्या मंडूच्या, वाफवलेल्या करंज्यांच्या, दुकानावरची खोली रिकामी केलीय. लाकडी पाटी करून घेतलीय, ‘वकील प्यो उन-सोल’. रोज सकाळी पुसते.

हाम : मग आईसाठी तरी शहाणी हो. ही घे कोरी वही. कैफियतीचा मसुदा, अशिलाची मुलाखत, साक्षीदाराची उलटतपासणी, असलं काहीतरी लिही. संध्याकाळपर्यंत लिहून आण, डोळे मिटून शिक्का मारतो.

उन-सोल : गाडी धुतल्याचं काढून टाकते. सामानाचं, कॉफीचं, सगळं काढते. चालेल?

हाम : आत्ता कशी माणसात आलीस!

उन-सोल : एकोणतिसाव्या पानापासून एकतिसाव्यापर्यंत मात्र आहे तसं राहू देते.

हाम : ती पानं कशाला?

उन-सोल : का, दचकलात? गाडीचं दुखणं नव्हतंच ना तुमचं?

मेंग : नव्हतंच.

हाम : मेंग बाई, तुम्ही मध्ये पडू नका.

उन-सोल : मी वाचते ना. तुमचा घसा बसला असेल. ‘अकरा सप्टेंबर. बांग मावशींच्या दाव्याचा निकाल हातात आला. दावा फेटाळला. अपिलाची मुदत चौदा दिवस, पंचवीस तारखेला संपणार. तसं चिठ्ठीवर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. अठरा सप्टेंबर. चिठ्ठी कॉफीच्या कपाखाली भिजलेली. दुसरी लिहिली. तेवीस सप्टेंबर. फोन केला. साहेब म्हणाले, मला शिकवू नकोस. सव्वीस सप्टेंबर. मुदत टळली. अपील दाखल नाही.’

हाम : पुरे!

उन-सोल : एवढंच आहे. लहानच पान आहे ते.

हाम : चुकलं, बाई, चुकलं! तीस वर्षांत एक तारीख हुकली माझी. माणूस आहे मी. तू नाही चुकणार कधी?

उन-सोल : चुकेन. शंभरदा चुकेन. पण मग मावशींना ‘अपील दाखल केलंय, तारखेची वाट पाहा’ असं नाही सांगणार!

मेंग : साहेबांनी कुठे सांगितलं? मला सांगायला लावलं. पाच आठवडे झाले. दर मंगळवारी फोन येतो, ‘मेंग बाई, तारीख आली का?’ आणि मी म्हणते, ‘नाही हो अजून, कोर्टात गर्दी आहे.’ ही गामची पेटी कुणी पाठवली माहितेय ना? मावशींच्या भावाच्या झाडाची फळं आहेत. सकाळी दोन खाल्लीत तुम्ही. गोड आहेत म्हणालात.

हाम : मला माहीत नव्हतं त्यांची आहेत.

मेंग : विचारलं कुठे तुम्ही?

उन-सोल : तिला पैसेसुद्धा नको होते, साहेब. पहिल्या दिवशी इथे याच खुर्चीत बसून म्हणाली होती. तुम्ही फोनवर होतात, मी ऐकत होते. ‘शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढली. सुपाचं पातेलं मी पाडलं नाही. त्याची कडी आधीच सुटली होती, मी दोनदा सांगितलं होतं. एवढं कोर्टाने लिहून द्यावं.’ हात कोपरापर्यंत भाजला तिचा आणि निकालात काय लिहून आलं? बाईचाच निष्काळजीपणा! तिला ती एक ओळ बदलून हवी होती. आणि तुम्हाला माझी एक ओळ खोडून हवीय.

हाम : अगं, ही पानं संघाकडे गेली तर माझी सनद निलंबित करतील! ती बाई माझ्यावरच दावा लावेल. या वयात मी काय गाम विकत बसू?

उन-सोल : लावू दे दावा. तेवढं तरी तिच्या हातात राहू दे.

हाम : आणि तू कोण गं मोठी सत्यवादी लागून गेलीस? दर वर्षी प्रत्येक वकिलाने आठ तास व्याख्यानं ऐकायची, असा संघाचा नियम. या वर्षी माझे आठ तास कुणी भरले? माझ्या नावाने कॉम्प्युटरसमोर कोण बसलं होतं? दर दहा मिनिटांनी तो विचारतो, ‘आपण हजर आहात का?’ तेव्हा ‘हो’चं बटण कुणी दाबलं? ते लिहिलंस का?

उन-सोल : पान एकतीस. ‘चौदा ऑक्टोबर. हाम साहेबांच्या नावाने व्यावसायिक नीतीचं व्याख्यान ऐकलं. पाच वेळा हजेरीचं बटण दाबलं. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.’ खाली माझी सही आहे.

हाम : वेडी आहेस का तू? यात तूसुद्धा अडकशील!

उन-सोल : अडकेन.

मेंग : तिच्याआधी नऊ वर्षं मी दाबत होते ते बटण. अख्ख्या चांगवन शहरात माझ्याइतकी नीती कुठल्या वकिलाने ऐकली नसेल. परीक्षा घ्या हवं तर.

उन-सोल : विषय तरी ठाऊक आहे का तुम्हाला, साहेब? ‘आपल्या हातून झालेली चूक अशिलाला कशी सांगावी.’ मी इथे तुमच्या नावाने ते ऐकत बसलेय, आणि बाहेर मेंग ताई फोनवर म्हणतायत, ‘नाही हो मावशी, तारीख नाही आली.’ अंगाची लाही लाही झाली माझी! व्याख्यान देणाऱ्या बाई समजावत होत्या, मध्येच कॉम्प्युटर विचारत होता, ‘आपण हजर आहात का?’ आणि मी दाबतेय, हो, हाम ग्योंग-उ हजर आहे!

हाम : शिक्का मिळणार नाही. ऐकलंस? या वहीवर माझा शिक्का मिळणार नाही.

उन-सोल : नका देऊ. द्या ती वही इकडे. पुन्हा सहा महिने काढीन कुणाकडे तरी. आईला सांगेन, पाटीवर फडकं टाकून ठेव.

(लाकडी जिन्यावर पावलं. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी.)

मेंग : बांग मावशीच आहेत. गुडघा धरतो त्यांचा, दर पायरीला थांबतात. मंगळवार आहे ना आज. फोन नाही आला सकाळपासून, तेव्हाच मला वाटलं होतं.

हाम : मी नाहीये. बुसानला गेलोय म्हणून सांगा.

मेंग : नाही सांगणार.

हाम : मेंग बाई!

मेंग : नाही म्हणजे नाही, साहेब. पोटासाठी पाच आठवडे खोटं बोलले. काल रात्री माझ्या मुलाने विचारलं, ‘आई, ऑफिसात काय काम करतेस?’ सांगता येईना मला. या मुलीने तर स्वतःचं नावसुद्धा लिहून टाकलं. आता काढून टाकायचं तर टाका मला. मावशींच्या तोंडावर खोटं नाही बोलणार मी.

उन-सोल : मी निघते.

हाम : थांब. उन-सोल, थांब जरा. ते व्याख्यान. काय होतं त्यात? कसं सांगायचं म्हणतात?

उन-सोल : आता विचारताय? अठ्ठावन्न मिनिटं होती, साहेब! तुमच्याकडे आता पंधरा पायऱ्या आहेत.

हाम : टोमणे मग मार. सांग.

उन-सोल : तिला आधी बसवायचं. ‘कोर्टाने असं केलं, कायदा तसा आहे’ असलं काही म्हणायचं नाही. माझ्या हातून झालं, असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या म्हणून सांगायचं, माझ्याविरुद्धसुद्धा.

हाम : आणि मग?

उन-सोल : मग गप्प बसायचं. व्याख्यान देणाऱ्या बाई म्हणाल्या, सगळ्यात अवघड तेच असतं.

हाम : ...मेंग बाई, शिक्का कुठाय?

मेंग : तुमच्या समोरच्याच खणात. वीस वर्षं तिथेच आहे.

हाम : मारा. सगळ्या पानांवर. एकतिसाव्यावरसुद्धा. अशी काय बघतेस, उन-सोल? उपकार नाही करत तुझ्यावर. ती खुर्ची ओढ इकडे, मावशींना उन्हात नको. आणि तू जायचं नाहीस. बस इथे.

उन-सोल : कशाला? कॉफी आणायला?

हाम : ऐकायला.

बांग मावशी : आहेत वाटतं साहेब! अगं बाई, आज प्रत्यक्ष भेटले. उठू नका, उठू नका. इकडून जातच होते, म्हटलं डोकावावं. फळं गोड निघाली का?

हाम : गोड होती. बसा, मावशी.

बांग मावशी : बसते. चेहरा का असा उतरलाय सगळ्यांचा? आली का तारीख?

हाम : तारीख येणार नाही, मावशी. अपील दाखलच झालं नाही. चौदा दिवसांची मुदत होती, ती मी घालवली. या मुलीने मला तीनदा आठवण केली होती. तुम्हाला सांगितलं ते सगळं खोटं होतं आणि ते मी सांगायला लावलं. तुम्ही दुसऱ्या वकिलाकडे जा. माझ्यावर दावा लावा.

बांग मावशी : तुमच्यावर?

हाम : हो.

बांग मावशी : तुमच्यावर दावा लावून काय करू, साहेब? म्हणजे आता... पातेलं मीच पाडलं, असंच लिहिलेलं राहणार?