चार मीटर मागची रेघ

(सरावाच्या मैदानालगतची मालिशची खोली. महिलांची शंभर मीटरची अंतिम शर्यत दोन तासांवर. धावणारी धाकटी, तिची थोरली बहीण आणि प्रशिक्षक मॅडम.)

मॅडम : दार लाव. आणि पिशवी या टेबलावर उलटी कर.

धाकटी : सकाळीच तपासलीत ना, मॅडम?

मॅडम : सकाळी तू उपांत्य फेरी धावली नव्हतीस. आता धावलीस, अकरा सत्तावन्न. ही बाटली कसली?

धाकटी : तेल आहे. ताईने दिलंय, पोटरीला चोळायला.

थोरली : घरचंच आहे, मॅडम. वास घेऊन बघा.

मॅडम : वासावरून काय कळतं? दुखापतीनंतर दोन महिने ही तुझ्याकडे होती. रोज तू घड्याळ लावून तिची शंभर मीटरची वेळ कळवायचीस, बारा शून्य पाच, बारा शून्य दोन. गेल्या सोमवारी बारा. पाच दिवसांत जवळजवळ अर्धा सेकंद कमी? मला काय दुधखुळी समजता?

धाकटी : मी काही घेतलेलं नाही.

मॅडम : याआधीची मुलगीही हेच म्हणाली होती. माझ्याच हाताखालची. पदक गळ्यात घालून घरी गेली, उत्तेजकाच्या चाचणीत सापडली आणि तीन महिन्यांनी ते परत करायला आली. लोक अजून मला बघून कुजबुजतात. पोटरी धरली म्हणून सांगू आणि तुझं नाव काढून घेऊ. कोणी काही विचारणार नाही.

धाकटी : आठ देशांच्या आठ मुली आहेत, त्यात मी एक. नाव काढलंत तर मी परत धावणार नाही.

मॅडम : मग सांग, ही वेळ आली कुठून?

धाकटी : मलाच कळत नाही. फलकावर आकडा बघून मीच घाबरले. ताई, तू माझ्या दुधात काही घालत होतीस का?

थोरली : तूसुद्धा?

धाकटी : मग बोल ना. मघापासून मान खाली घालून का उभी आहेस?

थोरली : ते अंतर शंभर मीटर नव्हतं.

मॅडम : म्हणजे?

थोरली : शाळेच्या मैदानावर फक्की मीच मारायचे. सुरुवातीची रेघ चार मीटर मागे घ्यायचे. हिला सांगितलं नाही.

मॅडम : का?

थोरली : माझ्या शेवटच्या शर्यतीत मी शहाण्णव मीटरपर्यंत पहिली होते. तिथे अंग सैल सोडलं आणि दोघी पुढे गेल्या. हिचं तसं होऊ नये म्हणून.

मॅडम : ऐनवेळी बरं सुचलं तुला.

थोरली : दोन्ही रेघांच्या कडेला खिळे ठोकलेत. शाळेच्या शिपाईकाकांना तुम्हीच फोन करा. मी एक शब्द बोलणार नाही.

मॅडम : हॅलो, काका? खिळ्यापासून खिळ्यापर्यंत टेप लावा. मी फोन धरते... ताणून धरलीत ना? पुन्हा एकदा मोजा... बरं. एकशे चार.

धाकटी : आता?

मॅडम : शर्यतीनंतर चाचणी होईलच. तिचा निकाल येईपर्यंत मला झोप नाही. जा, अंग गरम कर.

धाकटी : ताई, रोज बारा ऐकून मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. ऐकू यायचं तुला?

थोरली : यायचं.

धाकटी : आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच फक्की मारायचीस.

थोरली : हो... मी वर प्रेक्षकांत बसू ना?

धाकटी : बस. घड्याळ तेवढं माझ्याकडे दे.