गुरूने धुतलेला चंबू

मंडळी, ऐका! एक सवाल टाकतो. गुरू चुकला, आणि ते शिष्याने डोळ्यांनी पाहिलं. आता शिष्याने काय करावं? झाकावं, की बोलावं?

बघा, सगळे खाली बघायला लागले! पुढं बसलेले मास्तर तर जरा जास्तच.

हे आख्यान पुराणातलं नाही, एका विद्यापीठातलं आहे. तिथं डॉ. सुमित्रा हेरलेकर नावाच्या बाई नॅनोविज्ञान शिकवतात. नॅनो म्हणजे? — अहो, ती गाडी नव्हे! डोक्यावरचा एक केस घ्या. ज्यांना आहेत त्यांनी! त्याच्या जाडीचे पाच हजार भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा सोन्याचा कण! आणि सोनं इतकं बारीक झालं ना, की पिवळं राहत नाही. पाण्यात लाल दिसतं, डाळिंबाच्या रसासारखं.

पण हे कण भारी नाजूक. पाण्यात जरा क्षार आले, की एकमेकांना चिकटतात आणि रंग करडा पडतो. म्हणून ज्या काचेच्या चंबूत हे कण बनवायचे, तो शेवटी डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यानेच धुवायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई प्रत्येक मुलाचा चंबू स्वतः धुवायच्या. वीस वर्षं! शिपाई नव्हता का? होता की. पण बाई म्हणायच्या, "काच स्वच्छ नसली तर पोरांनी शिकलेलं दिसणार कसं?" अशी माउली!

त्या साली भागीनाथ तनपुरे नावाचा मुलगा एमएस्सीला होता. परीक्षेतल्या या सोन्याच्या प्रयोगात पास झाला तरच पुढं संशोधनाची जागा, नाहीतर गाशा गुंडाळून घरी. बाई गप्पा मारत धूत होत्या. शेवटचा चंबू भागीनाथचा. डिस्टिल्डचा कॅन संपला, आणि बोलण्याच्या नादात हाताला आला शेजारचा — बोअरच्या पाण्याचा! भागीनाथ तिथंच उभा. त्याने पाहिलं. बोलला? छे!

मॅडमना कसं सांगायचं? बरं बाबा, नको सांगूस, पण मागाहून पुन्हा धुवायचा होतास! तर याचं म्हणणं, गुरूने धुतलेलं आपण परत धुवायचं? तो तर अपमान! — घ्या! श्रद्धा अशी, की बोअरचं पाणी तीर्थ झालं!

सोन्याला कुठं कळतंय तीर्थ? दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे चंबू लालबुंद, याचा करडा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "का बिघडलं?"

"सर, माझ्याकडून चंबू नीट धुतला गेला नाही."

परीक्षकांनी पेन उघडलं. तेवढ्यात बाई पुढं आल्या. "थांबा. भागीनाथ, चंबू तर मी धुतला होता. तू काय पाहिलंस ते सांग."

आता पोरगा खरं बोलला. "मॅडम... शेवटचं पाणी बोअरचं होतं."

मंडळी, सगळा वर्ग बघतोय! बाहेरचा माणूस समोर! बाईंनी दुसऱ्यावर ढकललं असतं तर कोण विचारणार होतं? पण बाई परीक्षकांना म्हणाल्या, "लिहून घ्या, चूक माझी. याला नवा चंबू द्या. आणि पाहून गप्प बसला, त्याचे चार मार्क कापा."

मग मुलाकडे वळल्या. "मला वाचवायला खोटं बोललास? अरे, मी वीस वर्षं तुम्हाला बघायला शिकवतेय. बघितलेलं सांगणार नसशील तर मी शिकवलं काय?"

भागीनाथने या वेळी चंबू स्वतः धुतला. आणि आला की लाल रंग! चार मार्क गेले, जागा मात्र मिळाली. पुढच्या वर्षी बाईंनी मोरीवर पाटी लावली, 'मी धुतलेलंही तपासा.' धन्य त्या बाई! शिष्याने पायावर डोकं ठेवावं असे गुरू पुष्कळ. आपली चूक दाखवायचा हक्क शिष्याला देणारा विरळाच!

आता तुमच्याकडे येतो. आजी, तुमची सून तुम्हाला कधी म्हणते का, "आई, हे तुमचं चुकलं"? नाही? दादा, तुमचा मुलगा? कधीच नाही? बरं.

म्हणजे तुमचं कधी चुकत नाही, असं नाही हो मंडळी. त्यांची सांगायची छाती होत नाही, एवढंच. ती छाती त्यांना द्या. मग खुशाल टाळ वाजवा!