यादीत न सांगितलेलं नाव

भोरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय गाडीची वाट बघत बसल्या होत्या.

"वैनी, काल तुमाला यायला जमलं न्हाई, पर आमच्या घरी पाव्हणं तुमच्या सोनियाला बघून गेले, पोरगी पसंत हाय म्हणत्यात. आन् तुमचं तोंड का असं उतरलंय?"

"वन्सं, त्या अभ्यासवाल्या डाक्टरीणबाई उद्या परत यायच्यात गावात."

"दादाचं चट्टं तर बरं झालं न्हवं?"

"त्यांचं झालं. पर दोन वर्षांमागं, आजार पसरू नये म्हणून घरातल्या समद्यांना त्यांनी गोळी दिली. घरात कोण कोण राहतं ते लिवून घेत व्हत्या. म्या सोनियाचं नाव सांगितलंच न्हाई."

"अगं बया! का?"

"कुष्ठरोगाच्या यादीत नाव लागल्यावर सोयरीक कोण करंल?"

"नका घोर करू. तिच्या अंगावर कुठं चट्टा हाय का?"

"चट्टा दिसंलच असं न्हाई. बाई म्हणल्या, कवाकवा आधी हातापायाला लागलं-भाजलं कळायचंच बंद हुतं. वेळीच औषद दिलं तर बोटं वाकडी हुत न्हाईत."

"सोनियाला काय बी झालं न्हाई. कामाला किती चपळ हाय! काल उकळत्या चहाचं पातेलं उघड्या हातानं उतरवलं तिनं. पोराची आई बघतच राहिली."

"फडकं न्हवतं?"

"न्हाई वो."

"मग हात झटकला आसंल."

"कुठला झटकतीया! हसत व्हती."